तरवड काढ्यात नको, धुऱ्यावर हवा

जिंतूरहून नेमगिरीच्या टेकड्यांकडे निघाले, की रस्त्याकडेच्या मुरमाड माळावर छातीभर उंचीची, पिवळ्याजर्द फुलांची झुडपे दिसू लागतात. गंगाखेडकडून बालाघाटाच्या डोंगरात शिरतानाही तीच सोबत असते. त्यांना कोणी पाणी घातलेले नसते की कुंपण केलेले नसते. शेळ्या-गुरे सहसा त्यांना तोंड लावत नाहीत आणि पाऊस दगा देतो त्या वर्षीही फुले यायची ती येतातच. हा तरवड. पूर्वी कातडी कमावण्यासाठी त्याची साल लागे, म्हणून त्याला मोल होते. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल आली, मग क्रोमची रसायने आली आणि तरवडाची गरज संपली. तेव्हापासून तो नुसते ‘झुडूप’ होऊन राहिला आणि झुडूप म्हटले की ते तोडायचेच असते.

गेल्या काही वर्षांत मात्र त्याचे नाव पुन्हा कानावर पडू लागले आहे, तेही दवाखान्यात. तरवडाच्या फुलांचा काढा साखरेवर रामबाण, असे मोबाइलवर फिरते. वाळवलेली फुले पाकिटात मिळतात. सरकारी रुग्णालयात मधुमेह तपासणीच्या दिवशी ‘गोळी बंद केली, फुलांचा काढा चालू आहे’ हे वाक्य आता नवे राहिलेले नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. इतक्या मोठ्या बाजारात एखादे रानफूल हाताला लागले, तर त्याचे काय होणार हे सांगायला नको.

या काढ्यामागे काहीच नाही असे नाही. रसायन देऊन मधुमेह घडवलेल्या उंदरांना तरवडाच्या फुलांचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर उतरली, असे प्रयोग प्रसिद्ध झालेले आहेत. पण उंदराला मोजून दिलेला अर्क आणि चुलीवर उकळलेली मूठभर फुले यांत फार अंतर आहे. माणसांमध्ये किती फुले, किती दिवस, कोणत्या गोळीबरोबर, मूत्रपिंड दुखावलेले असेल तर काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एखाद्या वनस्पतीला औषध म्हणता येत नाही. शिवाय तरवड सोनामुखीच्या कुळातला. या कुळातल्या वनस्पतींनी पोट साफ होते, आणि ते रोज रोज ‘साफ’ करणे म्हाताऱ्या माणसाला परवडणारे नसते. श्रीलंकेतल्या संशोधकांना उंदरांमध्ये असेही आढळले, की तरवडाच्या चहामुळे फिटच्या आजारावरच्या कार्बामाझेपिन या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. ज्या घरात एकाला मधुमेह आणि दुसऱ्याला फिट असेल, तिथे चुलीवरचे एकच पातेले दोघांसाठी धोक्याचे ठरू शकते. म्हणून सल्ला साधा आहे: गोळी बंद करून काढा नको, आणि काढा घेतच असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

मग तरवडाचा आरोग्याशी संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो काढ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तो कळण्यासाठी सकाळी आठ-नऊच्या सुमारास फुललेल्या तरवडापाशी पाच मिनिटे उभे राहावे लागते.

काळा, चकचकीत, अंगठ्याएवढा भुंगा येतो. फुलाला मिठी मारतो, क्षणभर पंख स्थिर ठेवतो आणि एकदम घुमल्यासारखा चिरका आवाज येतो. उडतानाचा आवाज वेगळा, हा वेगळा. तरवडाच्या फुलात मध नसतो, फक्त पराग असतो. तोही उघडा ठेवलेला नसतो. परागकोशांच्या टोकाला बारीक छिद्र असते, मिठाच्या डबीसारखे, आणि डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. भुंगा आपले उड्डाणाचे स्नायू सेकंदाला शेकडो वेळा थरथरवतो आणि पराग त्याच्या अंगावर उडतो. मधल्या आखूड परागकोशांतला पराग त्याच्या खाण्याचा. त्याच वेळी लांब, वाकड्या परागकोशांतला पराग त्याच्या अंगावर अशा जागी पडतो, की पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला तो नेमका लागावा. शास्त्रज्ञ याला कंपन-परागीभवन म्हणतात.

आता परसातल्या वांग्याचे फूल पाहा. मध्ये पिवळ्या परागकोशांची जुडी आणि टोकांना तशीच छिद्रे. टोमॅटोचीही तीच तऱ्हा. मधमाशीला ही थरथर जमत नाही. ती जमते ती झायलोकोपा वर्गातल्या या भुंग्याला, आणि निळसर पट्ट्यांच्या ॲमेजिला नावाच्या चपळ माशीसारख्या काही रानमाश्यांना. वांगे आणि टोमॅटो वाऱ्याच्या हेलकाव्यानेही काही प्रमाणात फळ धरतात, हे खरे. पण भुंगा येऊन गेला तर फळे अधिक धरतात आणि चांगली भरतात. तुरीच्या फुलाचेही तसेच. तूर बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवते, पण फुलाची खालची पाकळी दाबून आतला पराग बाहेर काढायला वजनदार पाहुणा लागतो, आणि तुरीच्या फुलावर भुंगा नेहमीचाच. दोडका, कारले, भोपळा, काकडी, टरबूज यांच्यात तर नर-फूल वेगळे आणि मादी-फूल वेगळे, तिथे किडा आला नाही तर फळच नाही.

इथे डॉक्टरने लक्ष घालावे असा मुद्दा येतो. ज्वारी, गहू, तांदूळ यांना किड्यांची गरज नाही, त्यांचे काम वाऱ्यावर किंवा घरच्या घरी भागते. भाकरी पिकेल. पण भाकरीबरोबरचे कोरड्यास, म्हणजे भाजी, फळभाजी, काही डाळी, तेलबिया आणि वर खायची फळे, यातले बरेच काही कमी-अधिक प्रमाणात किड्यांवर अवलंबून आहे. पोट भरते भाकरीने, पण अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, फोलेट यांचा मोठा वाटा कोरड्यासातून येतो. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१५ साली एक गणिती अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातले परागवाहक प्राणी पूर्ण नाहीसे झाले तर फळांचा पुरवठा सुमारे २३ टक्के, भाज्यांचा १६ टक्के आणि कवचफळे-तेलबियांचा २२ टक्के घटेल, आणि दरवर्षी सुमारे १४ लाख जादा मृत्यू होतील, असा त्याचा अंदाज होता. हे मृत्यू मुख्यतः उपासमारीचे नाहीत. ते हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह अशा आजारांचे आहेत. ताटातली भाजी-फळे कमी झाली, की शरीर हळूहळू कसे खंगते त्याचा हा हिशेब आहे. किडे पूर्ण नाहीसे होणे ही टोकाची कल्पना, पण अर्धे नाहीसे होणे तितकेसे टोकाचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. ज्या घरात भाजी आधीच वाटीभर, तिथे दोडक्याचा भाव वाढला की वाटी आणखी लहान होते, आणि ती सर्वांत आधी कोणाच्या ताटातून कमी होते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

परागवाहक नसले तर काय करावे लागते, याचा नमुना मराठवाड्याने पाहिला आहे. सूर्यफुलाचे पीक इथे जोरात होते, तेव्हा कृषी विभागाचा एक नेहमीचा सल्ला असे: पीक फुलोऱ्यात असताना सकाळच्या वेळी हाताला मलमलचे कापड गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हलकेच फिरवा, दाणे चांगले भरतात. माशीचे काम माणसाने करायचे. आज मजुरीचा दर पाहता हा सल्ला वांग्याच्या किंवा कारल्याच्या शेतात कोण पाळेल?

भुंग्याला वर्षभर खायला लागते. पीक फुलते ते पंधरा-वीस दिवस. उरलेल्या काळात तो जगतो धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, गायरानात. रुईवर मध, तरवडावर पराग, करंजावर, शेवग्यावर जे मिळेल ते. तरवडाची किंमत इथे आहे. तो बहुवर्षायू आहे, एकदा रुजला की वर्षानुवर्षे हटत नाही. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत भरात असतो आणि नंतरही अधूनमधून फुलत राहतो. पिकांच्या दोन फुलोऱ्यांमधली भुकेची वेळ तो भागवतो.

आणि नेमका धुराच नाहीसा होत चालला आहे. पूर्वी ज्या धुऱ्यावरून बैलगाडी जाई, त्यावरून आता एकामागे एक चालावे लागते. दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर एकेक वीत आत घेतो. जे उरते त्यावर तणनाशकाचा फवारा बसतो. ‘रान स्वच्छ दिसते’ हा त्याचा बचाव. पण मोकळी झालेली जमीन मोकळी राहत नाही. पहिल्या पावसानंतर तिथे गाजरगवत उगवते. परदेशातून आलेले हे तण पुण्यात १९५५च्या सुमारास नजरेस आले आणि आज त्याच्याशिवाय एखादा रस्ता दाखवणे कठीण आहे. गाजरगवताने अंगाला उठणारा चिवट इसब, त्याच्या परागाने वाढणारी सर्दी आणि दमा हे सरकारी दवाखान्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक. तरवडाचा पराग जड आणि चिकट, किड्याच्या अंगावरून जाणारा, तो वाऱ्यावर उडून नाकात जात नाही. गाजरगवताला जागा न देणाऱ्या स्थानिक वनस्पतींच्या यादीत तणशास्त्रज्ञ टाकळ्याबरोबर तरवडाचेही नाव घेतात. म्हणजे धुऱ्यावर झुडूप राहू द्यायचे की नाही, याचा निर्णय शेतकरी एकट्या पिकापुरता घेत नसतो. गावाच्या नाकाचा आणि कातडीचाही निर्णय त्यात येतो.

सरकारी लागवडीने यात फार मदत केलेली नाही. राज्यात २०१६ साली दोन कोटी, मग चार, मग १३, आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले गेले. आकडा झाडांचा होता, झुडपांना त्यात जागा नव्हती. रस्त्याकडेला मादागास्करचा गुलमोहर लावला जातो, नवरात्रात मेक्सिकोहून आलेला झेंडू किलोने विकत आणला जातो. शेजारच्या तेलंगणात मात्र तरवड हे राज्यफूल आहे. नवरात्राच्याच दिवसांत तिथल्या बायका बतुकम्मासाठी फुलांची उतरंड रचतात आणि त्यात तंगेडू, म्हणजे आपला तरवड, मानाचा असतो. परभणी १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात याच मुलखाशी बांधलेली होती. सरहद्द आखली गेली, पण फूल दोन्हीकडे तेच राहिले. एकीकडे ते देवीपुढे जाते, दुसरीकडे फवाऱ्याखाली.

लावायचा म्हटला तर तरवडासारखे सोपे झाड नाही. अडचण फक्त बियांची. चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा हिवाळ्यात तपकिरी होऊन वाळतात, त्या झाडावरच काढून घ्याव्यात. बीचे कवच टणक असते. तशीच पेरली तर उगवते, पण आपल्या सवडीने, कधी यंदा, कधी पुढच्या साली. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवावे, त्यात बी टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी फुगलेले बी पेरावे. न फुगलेले दोन खरबरीत दगडांत हलकेच घासून पुन्हा भिजवावे. पेरणी मृगाच्या चांगल्या पावसानंतर, जिथे झाड हवे तिथेच, बोटाच्या पेराएवढी खोल. पिशवीत रोपे केली तर ती लहान असतानाच लावावीत, कारण सोटमूळ लवकर खोल जाते आणि पिशवीत वेटोळे घालते. दोन झाडांत हात-दोन हात अंतर पुरे. काळ्या रानात पाणी साचते ती जागा टाळावी, धुऱ्याचा उंचवटा उत्तम. पहिल्या उन्हाळ्यात जमल्यास आठ-पंधरा दिवसांनी तांब्याभर पाणी द्यावे, पुढे काही नको. दुसऱ्या वर्षापासून फुले दिसू लागतात. फाल्गुनात अर्ध्यावर छाटले की झुडूप दाट होते आणि धुऱ्याबाहेर पसरत नाही. छाटलेला पाला शेतात टाकावा, हिरवळीचे खत होते. डाळवर्गीय असला तरी याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत, तेव्हा तेवढी अपेक्षा ठेवू नये.

बी गोळा करताना ओळख पक्की हवी. कासविंदाही पिवळ्या फुलांचा आणि शेंगांचा, आणि तो विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी पावसाळा सरताना लहान मुले बेशुद्ध होऊन दगावत. वर्षानुवर्षे तो मेंदूज्वर समजला गेला. बिजनौरचे डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी सहकाऱ्यांसह २००७च्या सुमारास दाखवून दिले, की ती कासविंदाच्या बियांची विषबाधा होती. यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी निकामी करणारी. कासविंदाची पाने मोठी, टोकदार आणि चुरगळली तर घाण वास येणारी. तरवडाची पर्णिका लहान, बोथट टोकाची, आणि पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल उपपर्णे. शास्त्रीय नावातला ‘ऑरिक्युलाटा’ हा शब्द या कानांवरूनच आला आहे. शाळेच्या आवारात लावताना हे कान मुलांना आधी दाखवावेत, आणि कोणत्याच रानबिया तोंडात घालायच्या नाहीत हेही त्याच वेळी सांगावे.

शेतकऱ्याच्या दोन शंका रास्त आहेत. पहिली, सावलीची. तरवड झाड नव्हे, झुडूप आहे. छाटत राहिले तर त्याची सावली धुऱ्यापलीकडे फारशी जात नाही. दुसरी, अळीची. तरवडाची पाने हिरव्या अळ्या खाताना दिसतात, त्या पुढे फिकट हिरवट-पांढरी फुलपाखरे होतात. या अळ्या तरवड-टाकळ्याच्या कुळावर जगतात, कापूस-सोयाबीनकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी फवारा काढू नये.

फवाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबले पाहिजे. धुऱ्यावर तरवड लावून भुंग्याला बोलवायचे आणि फुललेल्या तुरीवर सकाळी नऊला औषध मारायचे, हे जेवायला बोलावून विष घालण्यासारखे आहे. ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके किड्याच्या मज्जासंस्थेतले जे विकर बंद पाडतात, तेच विकर माणसाच्या शरीरातही असते. फवारणी करणाऱ्याची बाहुली बारीक होते, तोंडाला फेस येतो, श्वास अडकतो, तो याच कारणाने. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, ही आठवण जुनी झालेली नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड गटातली औषधे माणसाला तुलनेने कमी घातक, पण मधमाश्यांसाठी इतकी घातक की युरोपीय संघाने २०१८ साली त्यांतल्या तीन औषधांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ती सर्रास वापरली जातात. सगळी फवारणी उद्यापासून बंद होणार नाही. पण पीक फुलोऱ्यात असताना शक्यतो टाळावी, आणि करावीच लागली तर दिवस कलल्यावर, किडे परतल्यानंतर करावी. संध्याकाळी ऊन उतरलेले असते, त्यामुळे तोंडाला फडके आणि हातात मोजे घालून काम करणेही सोपे जाते. म्हणजे भुंग्याची सोय आणि फवारणाऱ्याची सोय इथे वेगवेगळी नाही.

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२पासून आहे. भेंडीचा ‘परभणी क्रांती’ वाण देशभर गेला तो इथूनच. पिकांच्या वाणांवर जितके लक्ष दिले गेले, त्याच्या थोडा अंश तरी धुऱ्यावरच्या झुडपांकडे जावा. तरवडाचे शुद्ध बी पाकिटात मिळू लागले, रोजगार हमीच्या बांध-लागवडीत झुडपांची ओळ धरली गेली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात शोभेच्या परदेशी कुंपणाऐवजी तरवडाची रांग लागली, तर खर्च नगण्य आहे. दवाखान्याच्या आवारातल्या रांगेचा एक जादा फायदा असा, की काढ्याबद्दल विचारणाऱ्याला डॉक्टर खिडकीतून बोट दाखवून सांगू शकतील: ते फूल तिथेच राहू द्या, आणि ही गोळी रोज घ्या.

खाण्याची सोय झाली तरी भुंग्याला घर लागते. जुन्या माळवदाच्या घरांत सागाच्या तुळयांना तो गोल भोके पाडी आणि खाली लाकडाचा भुसा पडे, म्हणून त्याच्यावर रॉकेल ओतले जाई. आता स्लॅबची घरे आली आणि त्याला तुळईही उरली नाही. वाळक्या बांबूचे हातभर लांबीचे तुकडे घ्यावेत, एका टोकाला पेर बंद राहील असे कापावेत, चार-पाच एकत्र बांधून ओसरीच्या किंवा गोठ्याच्या वळचणीला आडवे टांगावेत. मादी आत शिरते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, भुशाची भिंत घालून पुढची खोली करते. नर समोर घिरट्या घालून भीती दाखवतो, पण त्याला नांगीच नसते. मादी हातात धरून दाबल्याशिवाय डंख करत नाही. आग्यामोहोळाची भीती वेगळी, ती याला लावू नये. बांबूखाली पिवळसर भुसा दिसू लागला, की घर भरले असे समजावे.